अरबी, फ्रेंच आणि मधली इंग्रजी

मंडालेच्या कारागृहात, पन्नाशी उलटल्यावर, मूळ ग्रंथ वाचता यावेत एवढ्यासाठी लोकमान्य टिळक जर्मन आणि फ्रेंच शिकावयास बसले. परंतु त्यांचा हा कित्ता मराठी तर्जुमाकारांनी फारसा गिरविला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

अरबी आणि फ्रेंच वाङ्मय मराठीत आले नाही असे नव्हे; ते इंग्रजीच्या मध्यस्थीने आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या व विष्णुशास्त्र्यांनी पुढे चालविलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'चा आधार इंग्रजी होता, आणि गौरी देशपांडे यांनी सोळा खंडांत सिद्ध केलेल्या 'अरेबियन नाइट्स'चा आधारही रिचर्ड बर्टनचा इंग्रजी पाठच होता. नाटकाची कथा याहून बोधप्रद आहे. मोलिएरचे १६६० मधील 'स्गानारेल' आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत रूपांतरित केले. त्यावरून नाटककार देवलांनी 'फाल्गुनराव' रचला आणि त्याचेच नवे रूप असलेले 'संशयकल्लोळ' १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. प्रसंगांतील गंमत या प्रवासात टिकली, किंबहुना मराठी मातीत ती अधिकच खुलली. परंतु मूळ नाटक पद्यात आहे याचा सुगावाही मराठी प्रेक्षकास लागला नाही. मध्यस्थ भाषा कथानक पोहोचविते, लय मात्र वाटेतच गळते.

उलट दिशेचे कार्य मात्र थेट झाले. गी देल्युरी यांनी तुकोबांचे अभंग मराठीवरून फ्रेंचमध्ये नेले, ते १९५६ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले. पुण्यात स्थायिक झालेल्या गी प्वातव्हँ यांनी दया पवारांचे 'बलुतं' फ्रेंच वाचकांपुढे ठेविले.

आज पुण्यात या भाषांचे जाणकार दुर्मीळ नाहीत. रानडे इन्स्टिट्यूटमधून फ्रेंच शिकून निघालेली मंडळी कारखान्यांचे करारनामे व यंत्रांची माहितीपत्रके भाषांतरित करितात. अरबीचे दुभाषे येमेन, इराक, ओमान येथून येणाऱ्या रुग्णांबरोबर रुग्णालयांत हिंडतात. शल्यवैद्याने शस्त्रक्रियेतील धोका सांगितला, की तो जरा सौम्य करून सांगा अशी विनवणी रुग्णाचा भाऊ डोळ्यांनीच करितो. परंतु संमतिपत्रावर सही होण्यापूर्वी त्यातील एक अक्षरही न गाळणे हा दुभाष्याचा धर्म ठरतो. शिवाय ग्रंथांतून शिकलेली अरबी आणि इराकी शेतकऱ्याच्या तोंडची अरबी यांतील अंतर त्याला तेथल्या तेथेच तोडावे लागते.

या मंडळींना भाषा थेट येते, पण वाङ्मयाच्या दरबारात त्यांना कोणी बोलावीत नाही. ज्यांना बोलावणे येते, त्यांच्यापैकी बहुतेकांना मूळ भाषा येत नाही. यात दोष एकट्या तर्जुमाकाराचा नाही. इंग्रजीवरून केलेले भाषांतर लवकर हाती पडते आणि स्वस्तही पडते, हा हिशेब प्रकाशकाचा आहे. म्हणून प्रत्येक अनुवादाच्या मुखपृष्ठामागे तो कोणत्या भाषेवरून केला हे स्पष्ट छापावे, आणि मूळ भाषेवरून काम करणाऱ्यास त्या श्रमाला साजेसा मेहनताना द्यावा. एवढे झाले तरी करारनाम्यांत गुंतलेली पुष्कळ गुणी माणसे कादंबरी-कवितेकडे वळतील.