दुरावलेला सोबती : 'वनवास' आणि 'शाळा' यांतील मैत्री

मराठी बालसाहित्यात मैत्री भरपूर आहे. मैत्रीचा वियोग मात्र कमी आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तक साहसे करतो. तो मोठा होत नाही, म्हणून त्याचे सोबतीही सुटत नाहीत. मालिकेतील नायकाला काळ लागू नसतो. ज्या कथेत काळ पुढे सरकतो, तिथेच मित्र हरवण्याची शक्यता निर्माण होते.

या दृष्टीने प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' (1994) आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) ही पुस्तके विचारात घ्यावी लागतात. दोन्ही मुलांविषयीची आहेत, केवळ मुलांसाठीची नाहीत. 'शाळा'त आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग आहे. मुकुंद ज्या मुलीत गुंतला आहे, तिला तो हजेरीपटावरच्या आडनावानेच ओळखतो : शिरोडकर. शेवटी तिचे कुटुंब गाव सोडून जाते. निर्णय मोठ्यांचा असतो. मुलाला तो फक्त कळतो. वियोगाचे दुःख कोणाला सांगावे, हेही त्याला ठाऊक नसते. 'शाळा' ही मागे राहिलेल्याची कथा आहे.

'वनवास'चा लंपन मात्र दूर पाठवलेला मुलगा आहे. आईवडील व भावंडे एका गावी, तो आजी-आजोबांकडे दुसऱ्या गावी. सीमाभागातील कन्नड वळणाच्या बोलीत तो बोलतो. सुमीसारखी सोबतीण त्याला मिळते, पण त्यामुळे घराची ओढ संपत नाही. नवी मैत्री जुन्या वियोगाची भरपाई करते, असा सोपा दिलासा संत देत नाहीत. हे त्यांच्या लेखनाचे मोठे बळ आहे.

तरीही एक उणीव उरते. मुकुंद आणि लंपन, दोघेही शिकत राहणारी मुले आहेत. शिरोडकर पुढे कुठे गेली, तिचे काय झाले, हे तिच्या तोंडून कधीच कळत नाही. बुऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या शहरात कामापायी वर्गातून उठून गेलेला सोबती अनेकांना आठवत असेल. कम्युनिटी कॉलेजात पुन्हा शिकायला येणारा विद्यार्थी पुष्कळदा तोच असतो. कुणाच्या तरी आठवणीतला 'हरवलेला मित्र' अध्यापकांसमोर बाकावर बसलेला असतो.

म्हणून ही पुस्तके वर्गात वाचताना केवळ रसग्रहणावर थांबू नये. गेलेल्या मुलाच्या बाजूने तीच कथा विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावी. मराठी बालकथेत ती बाजू अजून पुरेशी आलेली नाही. ती सांगू शकणारे या वर्गांत आहेत.