विमान उडाल्यानंतर

श्री. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी बोलपट ४ मार्च २०२२ रोजी पडद्यावर आला, तेव्हाच आम्ही तो पाहिला होता आणि पुष्कळांप्रमाणे डोळे पुसत बाहेर पडलो होतो. अलीकडे आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी तो पुन्हा दाखविण्यात आला. कॉलेज पिंपरी-चिंचवडात, पालकांपैकी निम्म्याहून अधिक भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणारे. खेळ संपला, दिवे लागले, टाळ्या झाल्या. आणि मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, चाल किंचित लंगडती. ते म्हणाले, “सर, सिनेमा झकास आहे. पण पोरगं परत आल्यावर काय करतं, ते राहिलंच की!”

सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी जाताना आमच्या ध्यानात आले की, या बोलपटावर जी परीक्षणे आम्ही वाचली होती, त्यांपैकी एकाही लेखकास हा प्रश्न सुचला नव्हता. आणि आम्हांसही तो सुचला नव्हता.

बोलपटाचा आधार सर्वश्रुत आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिली, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. बोलपटातील बोराडे सर त्यांच्यावरूनच घेतलेले. आरंभी ते मुलांना खेळण्याबद्दल रोज पाचशे रुपये देतात; मग एके दिवशी पैसे संपल्याचे सांगतात, आणि मुले तरीही खेळतात. पैशासाठी आलेला मुलगा खेळासाठी केव्हा थांबला, हे त्याचे त्यालाही कळत नाही. श्री. मंजुळे यांच्या कलेचे मर्म अशा प्रसंगांत आहे. कॉलेजची भिंत, तिच्यावरील मनाईची पाटी, आणि तिच्या पलीकडची वस्ती, हे चित्रही तसेच अविस्मरणीय. कोर्टातील भाषण मात्र आम्हांस लांबलेले वाटले. जे चेंडूने एकदा सांगून झाले, ते वकिली थाटात पुन्हा सांगण्याचे कारण नव्हते.

असो. आमचा मुख्य आक्षेप शेवटाविषयी आहे. संघ परदेशी स्पर्धेस निघतो, नायक विमानात बसतो, विमान उडते आणि बोलपट संपतो. आता या स्पर्धेचा एक नियम वाचकांनी ध्यानात घ्यावा. बेघरांची ही जागतिक फुटबॉल स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स या शहरी सुरू झाली, आणि तीत कोणाही खेळाडूस आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. ज्या विमानाने बोलपट संपतो, ते त्या मुलास पुन्हा कधी मिळावयाचे नाही. आठवडाभर सामने, मग परतीचा प्रवास, आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य. जी माणसे ही स्पर्धा चालवितात, त्यांनी ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न नियमातच गोवून ठेवला आहे. बोलपटाने तो सोडून दिला.

उत्तर शोधावयास फार दूर जावयाचे नव्हते. श्री. अखिलेश पॉल २०१० साली रिओ दि जानेरो येथे भारतीय संघाचे कप्तान होते. आपण पूर्वी गुन्हेगारीच्या वाटेला कसे लागलो होतो, हे त्यांनी स्वतः दूरदर्शन-कार्यक्रमातून देशाला सांगितले आहे. परत आल्यावर ते लहान मुलांना खेळ शिकवू लागले. कप्तानाचे मास्तर होणे पडद्यावर दाखविणे कठीण आहे, हे आम्हांस मान्य आहे. त्यात पाठलाग नाही, टाळ्या नाहीत. परंतु श्री. मंजुळे यांनीच ‘फँड्री’सारख्या कृतीत साध्या दिवसांतील नाट्य दाखविलेले आहे, त्यांच्याकडे अधिक मागण्याचा हक्क प्रेक्षकास आहे.

विद्वानांची रीत याहून बरी आहे असे नाही. आल्बेर काम्यू तरुणपणी अल्जीअर्स येथे गोलरक्षक होता. सतराव्या वर्षी क्षयाने त्याचा खेळ थांबविला. नीतीविषयी व कर्तव्याविषयी आपणास जे कळले त्याचे ऋण फुटबॉलकडे आहे, असे त्याने पुढे लिहिले. हे वाक्य आता इतक्या व्याख्यानांत येते की, ज्यांनी जन्मात गोलखांबाखाली उभे राहून पाहिले नाही तेही ते म्हणतात. खेळाने नीती नेमकी कोणत्या वाटेने आत शिरते, हे कोणी सांगत नाही.

तो खुलासा त्या गृहस्थांनी पुढे आमच्याकडे चहाला आले असता केला. ते जिल्ह्याकडून बचाव फळीत खेळलेले. गुडघा गेला, पदवी राहिली, आणि आता चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते म्हणाले, “नव्वद मिनिटांत चेंडू आपल्या पायाशी दोन-तीन मिनिटं असतो, सर. बाकीचा वेळ चेंडू नसताना पळायचं. ते ज्याला जमलं, त्याला लाइनवरचं काम जमतं. शेजारचा चुकणार हे आधी दिसतं.” थोडे थांबून म्हणाले, “तोटाही तोच. शेजारचा चुकला की त्याचं मी करून टाकतो. घरी रोज उशीर.” कंपनीच्या भिंतीवर संघभावनेची सुभाषिते लावणाऱ्यांनी या वाक्याचा उत्तरार्ध जरूर वाचावा.

परंतु खेळाडूचे पुढचे आयुष्य केवळ त्याच्या सवयींवर ठरत नाही. त्याला टेबल-खुर्ची कोण देतो, यावरही ठरते. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचे कप्तान शैलेन मन्ना हे भूशास्त्र सर्वेक्षण खात्यात नोकरीस होते. मुंबईत रेल्वे, टाटा, मफतलाल, एअर इंडिया यांचे संघ असत; पाय थकले तरी हजेरीपटावर नाव राही. पुढे खेळ हाच धंदा झाला, आणि क्लब मिटला की खेळाडूच्या पायाखालची जमीनही जाऊ लागली. १९६२ पासून चाललेला व २००५-०६ चे राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रांचा संघ २०१० मध्ये बंद झाला. त्याच वर्षी त्याच उद्योगसमूहाचा चाकणचा मोठा कारखाना सुरू झाला. आमच्या वेशीवरच्या मामुर्डीला २००७ साली निघालेल्या पुणे फुटबॉल क्लबची निवासी अकादमी होती. तो क्लब मिटला, २०१६ मध्ये अकादमी दुसऱ्या क्लबाकडे गेली, आणि २०१९ मध्ये तोही बंद पडला. तेथे वाढलेली मुले आज तिशीच्या आगेमागे असतील. ‘झुंड’चा दुसरा भाग कोणी काढणार असेल, तर त्याने विमानतळाऐवजी तेथून आरंभ करावा.

त्या गृहस्थांच्या प्रश्नामागे घरचे एक कारण होते, हे त्यांनी निघताना सांगितले. त्यांची मुलगी बारावीत आहे, वडिलांप्रमाणेच बचावात खेळते, आणि एका प्रशिक्षणवर्गाचा अर्ज महिनाभर घरात सहीवाचून पडून होता. “मी काय करावं, सर?” असे त्यांनी विचारले. आम्ही पंचवीस वर्षे वाङ्मय शिकवीत आलो आहो. आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही उलट त्यांनाच विचारले की, गुडघा जाणार हे आधी कळले असते, तर तुम्ही खेळला असता काय?

त्यांनी बराच वेळ कप बशीत फिरविला. “खेळलो असतो,” ते म्हणाले, “पण पदवी सोडली नसती.”

गेल्या रविवारी त्यांचा निरोप आला. सही झाली आहे. मात्र आधी परीक्षेचा अर्ज भरावयाचा आणि मगच बुटांचे पैसे, असे मुलीशी ठरले आहे. पुढल्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी आहे, त्यामुळे तिचा सकाळचा सामना पाहण्यास त्यांना जाता येईल.