‘सावो’च्या नोंदवहीत नसलेला रकाना

मे महिन्यात मेमोरियल डे जवळ आला की इथल्या जुन्या सिनेमांच्या वाहिन्यांवर युद्धपटांची रांग लागते. त्या रांगेत ‘द ब्रिजेस ॲट टोको-री’ हा १९५४ सालचा चित्रपट हमखास असतो. विल्यम होल्डन, ग्रेस केली, फ्रेडरिक मार्च, मिकी रूनी अशी नामवंत मंडळी आणि कोरियाच्या किनाऱ्यापासून दूर, हिवाळी समुद्रात हेलकावणारी एक विमानवाहू नौका. चित्रपटात तिचं नाव ‘सावो आयलंड’, तर जेम्स मिचनर यांच्या मूळ लघुकादंबरीत नुसतं ‘सावो’. कोरियाच्या युद्धात या नावाची कोणतीही विमानवाहू नौका लढली नाही. तरीही या काल्पनिक जहाजाची कामगिरी कित्येक खऱ्या जहाजांपेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे. ती कामगिरी मिचनरनी कशी लिहिली, आणि लिहिताना काय वगळलं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी नावाबद्दल. सावो हे सॉलोमन बेटांमधलं एक बेट. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे रात्रीच्या अंधारात जपानी आरमाराने दोस्तांच्या चार क्रूझर बुडवल्या: तीन अमेरिकन आणि एक ऑस्ट्रेलियन. अमेरिकन आरमाराच्या इतिहासातल्या मोठ्या पराभवांमध्ये ही लढाई मोजली जाते. पुढे याच नावाची एक छोटी विमानवाहू नौका दुसऱ्या महायुद्धात खरोखर होती. म्हणजे मिचनरनी आपल्या जहाजासाठी विजयाचं नाव घेतलं नाही. अमेरिकन वाचकाला जरा बोचेल असं नाव घेतलं. ते मुद्दाम घेतलं की सहज, याने फारसा फरक पडत नाही. कादंबरीचा सूर त्या नावाशी जुळतो.

कथा थोडक्यात अशी. हॅरी ब्रुबेकर हा डेन्व्हरचा वकील. दुसरं महायुद्ध लढून तो घरी परतला, संसार थाटला, आणि राखीव दलात नाव असल्यामुळे कोरियासाठी पुन्हा बोलावला गेला. आपणच का, हा त्याचा प्रश्न. सुरुवातीला त्याचं विमान बर्फाळ समुद्रात उतरतं आणि हिरवी टोपी घालणारा हेलिकॉप्टर वैमानिक माइक फोर्नी त्याला बाहेर काढतो. मधल्या भागात जपानमध्ये बायको आणि दोन मुलींबरोबर काही दिवस जातात. शेवटी टोको-री इथल्या पुलांवर हल्ला होतो. पूल पडतात, पण ब्रुबेकरच्या विमानाला गोळ्या लागतात. इंधन गळत असल्याने डोंगर ओलांडून समुद्र गाठता येत नाही आणि तो शत्रूच्या मुलखात उतरतो. त्याला सोडवायला आलेला फोर्नी, फोर्नीचा सहकारी आणि स्वतः ब्रुबेकर असे तिघेही एका चिखलाच्या चरात मारले जातात. ‘समुद्र’, ‘जमीन’, ‘आकाश’ अशी कादंबरीच्या तीन भागांची नावं आहेत. मरण येतं ते मात्र जमिनीवर, तेही चिखलात.

१९५१-५२ च्या हिवाळ्यात मिचनर स्वतः अमेरिकन विमानवाहू नौकांवर राहिले होते, आणि ते पानोपानी जाणवतं. जहाजावरचं काम हा या कादंबरीचा सर्वांत कसदार भाग आहे. तेव्हाच्या नौकांचा डेक सरळ होता. उतरणाऱ्या विमानाचा शेपटीकडचा आकडा डेकवर ताणलेल्या तारांपैकी एखादीत अडकला नाही, तर पुढे अडथळ्याची जाळी आणि तिच्यामागे उभी करून ठेवलेली विमानं. कोन देऊन बांधलेले डेक नंतर आले. त्यामुळे परतणाऱ्या वैमानिकाचा जीव डेकच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातांवर अवलंबून असे. दोन्ही हातांतल्या रंगीत फळ्या हलवून तो सांगे: वर घे, खाली ये, आता इंजिन बंद कर. ‘सावो’वर हे काम ‘बिअर बॅरल’ नावाचा एक गलेलठ्ठ अधिकारी करतो. युद्ध योग्य की अयोग्य यावर ब्रुबेकरला काहीही वाटो, उतरताना त्याचा विश्वास फक्त या माणसावर असतो. मोठमोठ्या भाषणांपेक्षा मला हा विश्वास जास्त खरा वाटतो.

तसाच दुसरा प्रसंग बंदरातला. जहाज धक्क्याला लावताना कप्तान डेकवर बांधून ठेवलेल्या पंख्याच्या विमानांची इंजिनं चालवायला लावतो, म्हणजे त्यांच्या जोरावर जहाज वळावं. वैमानिक चिडतात. या खटाटोपात इंजिनं झिजणार आणि उद्या त्याच इंजिनांवर त्यांना डोंगर ओलांडायचे असतात. एकाची सोय ती दुसऱ्याची जोखीम. पदांच्या उतरंडीत जोखीम खाली कशी सरकते, हे मिचनरनी एवढ्या छोट्या प्रसंगात दाखवलं आहे. इतकं पाहणारा लेखक शेवटच्या पानांवर पाहायचं थांबतो, म्हणून माझी तक्रार आहे.

दुसऱ्या महायुद्धात मुलगे गमावलेला ॲडमिरल टॅरंट ब्रुबेकरमध्ये आपला मुलगा पाहतो. ब्रुबेकर गेल्यावर अशी माणसं आपल्याला मिळतात कुठून, असं तो स्वतःशीच नवल करतो, आणि पुढची विमानं डेकवरून उडतात. इथेच कादंबरी संपते. वाचताना गळा दाटतो, पण जरा थांबून पाहिलं तर प्रश्न बदललेला दिसतो. ब्रुबेकरचा प्रश्न होता, मला इथे का पाठवलं? त्याचं उत्तर पाठवणाऱ्यांनी द्यायचं होतं. ॲडमिरलचा प्रश्न माणसांच्या गुणांचा आहे. त्याचं उत्तर कोणीच द्यायचं नसतं, फक्त माना झुकवायच्या असतात. मेलेल्या माणसाची हरकत त्याच्याच कौतुकात विरघळून जाते.

या शेवटाला एक खरी हकीकत जोडलेली आहे आणि तिच्यामुळे तो आणखी खटकतो. फेब्रुवारी १९५२ मध्ये एका अमेरिकन विमानवाहू नौकेवरचा वैमानिक उत्तर कोरियात पाडला गेला. त्याला आणायला गेलेलं हेलिकॉप्टरही तिथेच कोसळलं. ही माणसं मेली, अशी तेव्हा समजूत झाली आणि कादंबरीच्या शेवटाचं बीज या घटनेत आहे. प्रत्यक्षात ती कैद झाली होती आणि युद्धविरामानंतर जिवंत परतली. हेलिकॉप्टरचा वैमानिक होता ड्युएन थोरिन. फोर्नी आणि त्याची हिरवी टोपी थोरिनवरून उचलली, असं मानलं जातं. ज्याचं मरण लाखो लोकांनी वाचलं आणि पडद्यावर पाहिलं, तो माणूस घरी आला, आणि १९५६ मध्ये त्याने युद्धकैद्यांच्या जगावर ‘अ राइड टू पानमुनजॉम’ हे स्वतःचं पुस्तक प्रसिद्ध केलं. ते आज फार थोड्यांना माहीत आहे.

हातातल्या माहितीवर लेखकाने कथा रचली, यात गैर काही नाही. कथाकाराने कोणाला मारावं आणि कोणाला जगवावं हा त्याचा अधिकार आहे. पण ‘सावो’च्या हिशेबात दोनच रकाने आहेत: परत आलेले आणि मेलेले. खऱ्या जहाजांच्या नोंदवहीत तिसरा रकाना असतो, ‘बेपत्ता’. त्या रकान्यातल्या माणसाच्या घरी सुतक पाळता येत नाही आणि सणही करता येत नाही. त्याची बायको ॲडमिरलसारखा सुंदर शोक करू शकत नाही, कारण शोक करायचा की वाट पाहायची हेच तिला ठाऊक नसतं.

कोरियाच्या बाबतीत तर हा रकाना युद्धाच्या मध्यभागी होता. युद्धविरामाची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली होती. पुढल्या वर्षी ती मुख्यतः एका मुद्द्यावर अडली: परत जायची इच्छा नसलेल्या युद्धकैद्यांना जबरदस्तीने मायदेशी धाडायचं की नाही. या वादात युद्ध २७ जुलै १९५३ पर्यंत लांबलं. ‘लाइफ’ साप्ताहिकाने मिचनरांची कादंबरी संपूर्ण छापली ती ६ जुलैच्या अंकात, म्हणजे युद्धविरामाच्या तीन आठवडे आधी. ब्रुबेकर पुलांसाठी मेला असं कादंबरी म्हणते. त्या काळात रोज मरणारी माणसं बऱ्याच अंशी कैद्यांचा प्रश्न सुटत नव्हता म्हणून मरत होती, आणि कादंबरीत कैदी हा शब्द जवळपास नाहीच.

या गोष्टीचा मराठी माणसाशी थेट संबंध आहे. परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक कैदी युद्धविरामानंतर भारतीय फौजेच्या ताब्यात आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं. त्यांचं ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्र आहे. पूल पाडणाऱ्यांच्या शौर्याइतकंच हेही त्या युद्धातलं शौर्य. त्यावर हॉलिवुडने चित्रपट काढला नाही, आणि आपणही कुठे काढला?

आता चित्रपटातल्या जहाजाकडे येऊ. पडद्यावरच्या ‘सावो आयलंड’साठी मुख्यतः ‘ओरिस्कनी’ या खऱ्या नौकेवर चित्रीकरण झालं. तिची पुढची कहाणी ‘सावो’सारखी नेटकी नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये व्हिएतनामच्या युद्धात तिच्यावर आग लागून ४४ जण मेले. ऑक्टोबर १९६७ मध्ये तिच्याच डेकवरून उडालेला जॉन मॅकेन हॅनोईवर पाडला गेला आणि साडेपाच वर्षं कैदेत राहिला. २००६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ती मुद्दाम बुडवली, माशांना आसरा म्हणून.

मॅकेन सुटून आल्यावर, जानेवारी १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी एका राजकीय सभेत परतलेल्या युद्धकैद्यांचा गौरव केला. मॅकेन समोर होता. त्या भाषणात रेगननी मिचनरांचं नाव घेऊन ॲडमिरलचा तो प्रश्न सांगितला. त्यांच्या सांगण्यातला अधिकारी रात्रभर विमानं परत येण्याची वाट पाहत असतो. पुस्तकात मात्र ज्याच्यामुळे हा प्रश्न पडतो तो माणूस परत येणारच नसतो. वीस वर्षांत ब्रुबेकरचं मरणही त्या प्रश्नातून गळून पडलं, आणि त्याची तक्रार तर कधीच गळली होती. असं होऊ शकलं, कारण शेवट तसाच लिहिलेला आहे. कौतुकाचा प्रश्न कोणत्याही युद्धाला चिकटवता येतो. ‘मला का पाठवलं’ हा प्रश्न मात्र त्या त्या युद्धाचा हिशेब मागतो.

चित्रपटाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. शेवट गोड करायचा नाही असा आग्रह होल्डनने धरला होता, असं म्हणतात. त्याचा स्वतःचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात आरमाराचा वैमानिक म्हणून मेला होता. त्या काळच्या हॉलिवुडमध्ये नायकाला चरात मरू देणं सोपं नव्हतं, आणि चरातली ती शेवटची मिनिटं आजही चित्रपटातली सर्वांत प्रामाणिक आहेत. त्या मिनिटांनंतर ॲडमिरल बोलतो, तिथे तो प्रामाणिकपणा ओसरतो.

तरीही कादंबरी जरूर वाचावी. एका बैठकीत संपते, आणि जहाजावरच्या कामाबद्दल तिच्याइतकं चांगलं फार थोड्यांनी लिहिलं आहे. फक्त शेवटचं पान मिटल्यावर तिथेच थांबू नये. थोरिनचं पुस्तक शोधावं, थोरातांचं आत्मचरित्र काढावं, आणि ‘सावो’ची नोंदवही त्यांच्या शेजारी ठेवून पुन्हा तपासावी.