‘प्रेक्षणीय’ या शब्दाची मर्यादा : जर्मन वास्तू, मराठी प्रवासवर्णन आणि कचारगड

मराठी प्रवासवर्णनांनी जर्मनीतील ऐतिहासिक वास्तूंचा जो परिचय वाचकांस करून दिला आहे, त्यात एक उणीव वारंवार आढळते. वास्तू दिसते, तिची उंची कळते. परंतु तिच्याशी तेथील लोकांचा जो वाद, जो पश्चात्ताप वा जो हट्ट निगडित असतो, तो मात्र दिसत नाही. या उणिवेचे मूळ लेखकांच्या निरीक्षणशक्तीत शोधण्यापेक्षा त्यांच्या हाताशी असलेल्या शब्दांत शोधणे अधिक युक्त होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रारंभी असे नव्हते. पंडिता रमाबाईंच्या १८८९ च्या ग्रंथाचे नावच ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असे आहे. त्यात लोकस्थिती आधी येते आणि प्रवास मागून. पुढे ‘प्रेक्षणीय स्थळ’ ही संज्ञा रूढ झाली आणि तिने लेखणीचा ताबा घेतला. ‘अनीय’ प्रत्ययाने ‘पाहण्यास योग्य’ एवढाच अर्थ सिद्ध होतो. पाहणारा येतो, पाहतो व जातो. स्थळाकडे त्याला विचारण्याजोगे काही असते, किंवा स्थळालाच त्याला काही सांगावयाचे असते, याची सूचना या शब्दात मुळीच नाही.

याउलट जर्मन भाषेची व्यवस्था पाहावी. ‘डेंकमाल’ म्हणजे विचार करावयास किंवा स्मरण ठेवावयास लावणारी खूण. ‘एरेनमाल’ ही गौरवाची खूण, तर ‘मानमाल’ ही बजावून सांगणारी, ताकीद देणारी खूण. (यातील ‘मान’चा आपल्या मानाशी काही संबंध नाही, मानाचा अर्थ ‘एरेन’मध्ये आहे.) मराठीत या तिन्हींस आपण ‘स्मारक’ म्हणून मोकळे होतो. परिणामी बर्लिनमधील कैसर विल्हेल्म स्मृतिमंदिराचे वर्णन ‘युद्धात पडलेले चर्च’ या तीन शब्दांतच आटोपते. वस्तुतः १९४३ च्या बाँबहल्ल्यात भग्न झालेला तो मनोरा पाडून टाकावा की राखावा यावर तेथे मोठा वाद झाला. अखेर तो तसाच ठेवून त्याच्या शेजारी एगॉन आयरमान यांनी योजिलेले नवे मंदिर १९६१ मध्ये उभे राहिले. बर्लिनकर त्या मनोऱ्यास ‘पोकळ दाढ’ म्हणतात. हे टोपणनाव ज्या वर्णनात नाही, त्या वर्णनात बर्लिन शहरही नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शेची कथा याहून अवघड. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते मंदिर कोसळले. पूर्व जर्मन राजवटीत त्याचा ढिगारा ‘मानमाल’ म्हणून राहिला. एकीकरणानंतर जुने काळवंडलेले दगड नव्या फिकट दगडांत बसवून ते पुन्हा उभारण्यात आले व २००५ मध्ये त्याचे पुनःसमर्पण झाले. मराठी मनास हे सहज पटते, कारण आपणांपाशी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे आणि त्यात पुण्य आहे. परंतु हायडेलबर्गच्या किल्ल्यावरून १९०१ च्या सुमारास झालेल्या वादात गेऑर्ग डेहिओ यांनी याच्या नेमकी उलट भूमिका घेतली : जे आहे ते जपावे, गेलेले नव्याने घडवू नये. ओटहाइनरिश महालाचा तो भाग आजही भग्नच आहे. ‘जीर्णोद्धार’ या शब्दाच्या आश्रयाने पाहणाऱ्यास तेथे केवळ हेळसांड दिसेल. त्यामागील तत्त्व दिसणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. कोलोनच्या ‘डोम’ला आपण सरसकट ‘चर्च’ म्हणतो. ‘डोम’च्या मुळाशी लॅटिन ‘दोमुस्’, म्हणजे घर, हा शब्द आहे. आणि ऋग्वेदातील ‘दम’ हा त्याचा सगोत्र. आपल्या ‘दंपती’त तो अद्याप नांदतो आहे. १२४८ मध्ये आरंभ होऊन १८८० मध्ये पुरे झालेल्या त्या घराशी आपले नाते शब्दाच्या वाटेने इतके जवळचे आहे, हे प्रवाशास ठाऊक नसते.

या विवेचनाची खरी परीक्षा मात्र ऱ्हाइनकाठी नसून गोंदिया जिल्ह्यात आहे. हावडा–मुंबई लोहमार्गावरील दरेकसा स्थानकापासून कचारगडची गुहा जवळ आहे. श्वाबिश आल्ब पर्वतातील गुहांना २०१७ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले. तेथे गिधाडाच्या हाडाची सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची बासरी सापडली. कचारगडच्या कथेतही वाद्य आहेच : काली कंकालीच्या कोंडलेल्या मुलांच्या सुटकेसाठी हिरासुका पाटालीर किंगरी वाजवितो आणि शिळा हटविताना प्राणास मुकतो. एक उत्खननाचा पुरावा, दुसरी जिवंत श्रद्धा. दोहोंची सरमिसळ करणे अशास्त्रीय ठरेल. परंतु तेथील गुहांविषयी लिहिताना आपण ‘वारसा’ म्हणतो आणि येथे माघ पौर्णिमेस हजारो गोंड बांधव ज्या स्थळी येतात त्यास ‘प्रेक्षणीय’, हा भेद कशाच्या बळावर?

मराठी माहितीपर लेखनात कचारगडचा उल्लेख ‘आशियातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’ असा पुनःपुन्हा येतो. हा दावा टिकणारा नाही. व्हिएतनाममधील सोन डूंग गुहा निःसंशय मोठी आहे. असल्या उसन्या विशेषणाची गरज भासते, कारण स्थळाचे स्वतःचे म्हणणे आपण ऐकलेलेच नसते. ते म्हणणे आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेल्या आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केलेल्या सामग्रीतील गोंडी गीतात ‘काचीकोपा लोहागड’ हे स्थलनाम येते व आजची गोंड परंपरा ते याच डोंगराशी जोडते. केवळ ध्वनिसाम्यावरून स्थलनिश्चिती करणे भाषाशास्त्रास मानवणारे नाही. तथापि एखाद्या समाजाने गीतातील नाव एका डोंगरावर आणून वसविले, ही घटना स्वतंत्रपणे अभ्यासणीय आहे. ‘डेंकमाल’ शब्दाचा इतका नेमका अर्थ दगडी मनोऱ्यातही क्वचित सापडतो. आपल्या मराठीतील ‘जागृत’ हा शब्द या स्थळास ‘प्रेक्षणीय’पेक्षा कितीतरी शोभतो.

हिस्लॉप यांचा पाठ एका काळचा, एका बोलीचा. यात्रेत आज जी गीते गायिली जातात, त्यांचे पाठ बोलीभेदांसह, गाणाऱ्यांच्या संमतीने, गोंडीत आणि देवनागरी लिपीत नोंदवून त्या पाठाशी ताडून पाहावयास हवेत. सालेकसा परिसरातून येणाऱ्या आणि घरी गोंडी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास त्यांना दुभाष्याची गरज पडणार नाही.