एका झाडावरून तीन कोटी : अर्विन यांच्या कीटकविषयक अनुमानाची चिकित्सा

एखाद्या प्रदेशातील किती कीटकजाती अद्याप अज्ञात आहेत, हा प्रश्न वरवर पाहता मोजणीचा वाटतो. वस्तुतः तो अनुमानाच्या पद्धतीचा आहे. या संदर्भात अमेरिकी भुंगेरेतज्ज्ञ टेरी अर्विन यांचा १९८२ मधील अवघ्या दोन पानांचा शोधनिबंध वारंवार उद्धृत केला जातो. पृथ्वीवर संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात, हा त्यातील निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतूनही रूढ झाला. तो ज्या गृहीतकांवर उभा आहे, ती मात्र सहसा सांगितली जात नाहीत.

अर्विन यांनी पनामात ल्युहिया सीमानी या एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडलेले भुंगेरे गोळा केले. त्यांच्या हिशेबाने ते सुमारे १,२०० जातींचे होते. त्यांपैकी १६३ जाती केवळ याच झाडावर जगत असाव्यात, असे त्यांनी मानले. उष्ण कटिबंधात वृक्षांच्या ५०,००० जाती धरल्यास पर्णछत्रातील भुंगेऱ्यांच्या जाती ८१.५ लाख होतात. संधिपादांत भुंगेऱ्यांचा वाटा ४० टक्के मानला की हा आकडा दोन कोटींवर जातो आणि जमिनीवरील जाती छत्रातल्यांच्या निम्म्या धरल्या की तीन कोटी.

या साखळीतील कच्चा दुवा म्हणजे १६३ ही संख्या. वनस्पतिभक्षी ६८२ जातींपैकी २० टक्के जाती एकाच झाडाशी बांधलेल्या असतात, हे प्रमाण मोजलेले नसून कल्पिलेले आहे. ते २० ऐवजी १० टक्के मानले, तर तीन कोटींचे पावणेदोन कोटी होतात. एका अंदाजात केलेल्या बदलाने सव्वा कोटी जाती नाहीशा होत असतील, तर त्या आकड्याला निष्कर्ष म्हणण्यापेक्षा गृहीतक म्हणणे अधिक योग्य. न्याय्य दृष्टीने हेही नोंदवले पाहिजे की, इतरांनी अधिक पुरावा गोळा करून आपले आकडे तपासावेत, अशी अपेक्षा अर्विन यांनीच व्यक्त केली होती. दोष आकडा मांडणाऱ्यापेक्षा तो उतरवून घेणाऱ्यांचा अधिक आहे.

पुढे ही तपासणी झाली. पनामातच ओडेगार्ड व सहकाऱ्यांना २००० साली हे प्रमाण ७ ते १० टक्के आढळले. नोव्होत्नी आदींनी २००२ मध्ये न्यू गिनीतील ५१ वनस्पतींवरील कीटकांचा अभ्यास करून एकूण संधिपाद जाती ४० ते ६० लाखांच्या दरम्यान असाव्यात, असे मांडले.

अर्विन यांच्या गणितात प्रदेशाचाही एक आकडा होता, तो तुलनेने दुर्लक्षित राहिला. पनामातील एका हेक्टर जंगलात ४१,००० हून अधिक संधिपाद जाती असतील, असे त्यांचे अनुमान होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅसे व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने याच देशातील सॅन लोरेन्झो जंगलात ०.४८ हेक्टर क्षेत्र अनेक पद्धतींनी पिंजून काढले. तेथे ६,१४४ जाती मिळाल्या. त्यावरून ६,००० हेक्टरच्या संपूर्ण जंगलासाठी सुमारे २५,००० जातींचे अनुमान निघाले. दोन्ही जंगले एकसारखी नाहीत हे मान्य केले, तरी एका हेक्टरचे अनुमान संपूर्ण जंगलाच्या अनुमानाहून मोठे निघावे, ही तफावत बोलकी आहे.

तथापि येथे एक भेद विसरता कामा नये. नमुन्यात न सापडलेली जाती आणि विज्ञानास अज्ञात जाती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲन चाओ यांच्या १९८४ च्या सूत्रानुसार एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग दोनदा सापडलेल्या जातींच्या दुपटीने भागून न सापडलेल्या जातींची किमान संख्या काढता येते. अशा १०० आणि ५० जाती असतील, तर आणखी किमान १०० धराव्या लागतात. परंतु त्या १०० पैकी किती जातींना आधीच नाव आहे, हे सूत्र सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक नमुना संग्रहालयातील प्ररूपाशी ताडून पाहावा लागतो. आणि भारतातील अनेक कीटकजातींची प्ररूपे तर लंडनला आहेत! हा कष्टाचा मार्ग हॉडकिन्सन व कॅसन यांनी सुलावेसी बेटावर पत्करला. ढेकूण, तुडतुडे यांच्या गणातील १,६९० जातींपैकी ६२.५ टक्के अवर्णित असल्याचे त्यांनी १९९१ मध्ये दाखवले. अज्ञाताचे प्रमाण येथे प्रत्यक्ष तपासणीतून आले आहे, म्हणून त्याचे मोल अधिक. त्यावरून जगातील कीटकजाती १८ ते २६ लाख ठरवणे ही मात्र पुन्हा तशीच उडी होय.

अर्विन यांच्या टीकाकारांचा विजयही निर्विवाद नाही. कोस्टा रिकातील ॲस्ट्राप्टिस फुल्जरेटर हे फुलपाखरू एकच जाती मानले जात होते. डीएनए-संकेतांच्या आधारे २००४ मध्ये तीत दहा जाती असल्याचा दावा झाला. त्यांच्या अळ्यांच्या खाद्यवनस्पतीही बऱ्याच अंशी निरनिराळ्या निघाल्या. दहा हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला, तरी मूळ शंका उरतेच. अनेक झाडांवर आढळणारी ‘एक’ जाती प्रत्यक्षात वेगवेगळ्या झाडांना बांधलेल्या अनेक जाती असेल, तर ओडेगार्ड यांचे ७ ते १० टक्केही पुन्हा मोजावे लागतील.