‘निम्मा’ आवाज म्हणजे किती?

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर आवाज कमी-जास्त करायला चित्रातली पट्टी सरकवावीच लागते असे नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकित केली तरी तेच काम होते. यासाठीची जुनी व अजूनही सर्रास आढळणारी आज्ञा म्हणजे ‘एमिक्सर’. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘अल्सा’ या ध्वनिप्रकल्पातून ती आली. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.६ ही आवृत्ती निघाली, तेव्हापासून अल्सा हीच लिनक्सची मुख्य ध्वनिव्यवस्था आहे. वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या साधनाबद्दल आमची एक तक्रार आहे. ती गणिताची असल्यामुळे या मासिकाच्या वाचकांपुढे मांडतो.

आधी गुण सांगू. ‘मास्टर’ या नियंत्रकाला ५० टक्क्यांवर आणण्याची आज्ञा दिली की एमिक्सर उत्तरादाखल एका ओळीत तीन आकडे छापतो: ध्वनिकार्डाची पायरी, टक्के आणि डेसिबल. अनेक लॅपटॉपांत आढळणाऱ्या कार्डावर मास्टरला ० ते ८७ अशा पायऱ्या असतात व प्रत्येक पायरी पाऊण डेसिबलची असते. तेथे ही ओळ ‘४४, ५१ टक्के, उणे ३२.२५ डेसिबल’ अशी येते. (५० चे ५१ का झाले? ८७ चे निम्मे ४३.५, अर्धी पायरी नसते, म्हणून वरची घेतली.) इतका स्पष्ट हिशेब देणारी साधने थोडी आहेत.

पण याच ओळीत दोष उघडा पडतो. उणे ३२.२५ डेसिबल म्हणजे ध्वनिलहरीचा आयाम कमाल आयामाच्या सुमारे एकेचाळिसावा भाग. आयाम सोडून कानाचा विचार केला, तरी दर दहा डेसिबलांना आवाज निम्मा वाटतो या ढोबळ नियमाने तो मूळच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतका भासेल. याला ‘पन्नास टक्के’ कसे म्हणायचे? शून्य टक्क्यांची गोष्टही तशीच. या कार्डावर ती उणे ६५.२५ डेसिबलची पायरी आहे, म्हणजे आयामाचा सुमारे अठराशेवा भाग. ती शांतता नव्हे. शांततेसाठी आवाज बंद करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.

एमिक्सर टक्के काढतो ते पायऱ्यांचे, आवाजाचे नव्हेत. पायऱ्या डेसिबलमध्ये समान असल्याने आवाज भूमितीय श्रेणीने वाढतो आणि टक्क्यांचे चिन्ह मात्र अंकगणिती श्रेणीचा आभास निर्माण करते. व्यवहारात याचा त्रास होतो. ७५ वरून १०० वर जाताना सुमारे १६ डेसिबल वाढतात, म्हणजे आवाज जवळजवळ तिप्पट भासतो. कानात हेडफोन घातलेल्या विद्यार्थ्याला ‘पाव भागच वाढवला’ असे वाटते, आणि त्याच्या कानावर भलताच मारा होतो.

यावर कोणी म्हणेल की यंत्राची पायरी आहे तशी सांगणे हाच प्रामाणिकपणा. हे मान्य केले असते. पण एमिक्सरचे सख्खे भावंड ‘अल्सामिक्सर’ त्याच संचात येते आणि तेच कार्ड, तीच पायरी दाखवताना ५१ ऐवजी २३ हा आकडा देते! कारण ते मानवी कानाला जवळचे असे सूत्र वापरते. एमिक्सरलाही हे सूत्र येते, पण त्यासाठी आज्ञेत मोठ्या लिपीतले ‘एम’ हे अक्षर जोडावे लागते, आणि माहितीपत्रक वाचल्याशिवाय ते कळत नाही. जुन्या आज्ञावली मोडू नयेत म्हणून मूळ वर्तन तसेच ठेवले असेल, तर ती अडचण खरी आहे. पण छापल्या जाणाऱ्या ओळीत ‘टक्के’ ऐवजी ‘पायऱ्यांचे टक्के’ असे लिहायला काय हरकत होती?

पुढे आलेल्या पल्सऑडिओने आकड्याचा घन घेण्याची पद्धत स्वीकारली. तिच्या ५० टक्क्यांचा आयाम ०.५ चा घन, म्हणजे ०.१२५; डेसिबलमध्ये उणे १८. अल्सामिक्सरचे ५० टक्के आमच्या कार्डावर सुमारे उणे १६ येतात. म्हणजे एकाच संगणकावर ‘निम्म्या’चे तीन अर्थ झाले: उणे ३२, उणे १६ आणि उणे १८. शेवटचे दोन सुसह्य आहेत. पण कानाच्या निम्म्याशी, म्हणजे उणे १० शी, एकही जुळत नाही. आज्ञांच्या व्याकरणातही असाच सावळागोंधळ आहे. एमिक्सरला अधिकचे चिन्ह आकड्यानंतर लागते, पल्सऑडिओच्या ‘पॅकटल’ला आधी. पाइपवायरच्या ‘डब्ल्यूपीकटल’ने ते पुन्हा नंतर नेले आहे.

शिक्षकांनी टक्के सोडून डेसिबल वापरावेत, असे आम्हाला वाटते. एमिक्सर ‘दहा डेसिबल कमी कर’ ही आज्ञाही निमूट पाळतो. अल्साच्याच संचातील ‘स्पीकर-टेस्ट’ने ४४० हर्ट्‌झचा सलग स्वर लावावा आणि आवाज तीन-तीन डेसिबलांनी उतरवत न्यावा. कितव्या पायरीला आवाज निम्मा वाटला, हे प्रत्येक विद्यार्थ्याने शेजाऱ्याच्या वहीत न डोकावता लिहावे. उत्तरे एकसारखी येणार नाहीत. त्यांची सरासरी दहा डेसिबलांच्या किती जवळ येते ते पाहावे, आणि मागच्या बाकांवरची उत्तरे वेगळी मांडून पाहावीत.