हरणाऱ्याची खुर्ची

नाटक पाहून आल्यावर त्याची चिकित्सा करावी, कादंबरी वाचून झाल्यावर तिचे गुणदोष सांगावेत, हा आपल्या सुशिक्षित घरांतील जुना परिपाठ आहे. परंतु ज्या पटाभोवती चार स्नेही मिळून तीन-तीन तास घालवितात, तो पट मात्र टीकेस पात्र समजला जात नाही. 'खेळच तो!' असे म्हणून आपण त्याची घडी घालतो व तो कपाटात ठेवतो. ही उपेक्षा आम्हांस उचित वाटत नाही. नाटककाराचे म्हणणे ऐकून प्रेक्षक आपल्या घरी जातात. पटाचा कर्ता मात्र आपले म्हणणे खेळणाऱ्यांच्या हातून करवून घेतो. चार सज्जन एका संध्याकाळी परस्परांशी कसे वागले, याची बरीचशी जबाबदारी नियम करणाऱ्यावर येते. मग त्याच्या कृतीचे परीक्षण का होऊ नये?

या परीक्षणास कसोटी कोणती लावावी? जिंकणाऱ्याला कोणताही खेळ गोडच लागतो. तेव्हा त्याची साक्ष निरुपयोगी आहे. आमच्या मते परीक्षकाने हरणाऱ्याच्या खुर्चीवर बसून पाहावे. हरू लागलेल्या माणसाला खेळात काही काम उरते की नाही, आणि त्याच्या शब्दाला किंमत उरते की नाही, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे खेळाची प्रत कळते.

बुद्धिबळात ही अडचण उद्भवत नाही. तेथे खेळणारे दोघेच. मात झाली की दोघांचाही डाव एकाच क्षणी संपतो व मोहरी पुन्हा मांडता येतात. चौघे-पाचजण बसले की मात्र कोणीतरी आधी संपतो आणि इतरांचे चालूच राहते. याचा अनुभव आम्हांस गेल्या दिवाळीत आला. एका वकील मित्रांच्या घरी आम्ही चौघे 'व्यापार' खेळावयास बसलो होतो. शहरे विकत घ्यावयाची, त्यांवर घरे बांधावयाची आणि जो तेथे येईल त्याच्याकडून भाडे वसूल करावयाचे, हा खेळ वाचकांच्या परिचयाचा आहेच. आमच्यापैकी गणिताचे एक मास्तर पहिल्या तासातच दिवाळखोर झाले. पुढील दोन तास ते गॅलरीतील खुर्चीवर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचीत होते. 'उद्या लवकर उठायचे आहे,' असे सांगून ते जेवणाआधीच निघाले, आणि त्यानंतर कित्येक महिने आमच्या बैठकीकडे फिरकले नाहीत. कोणी त्यांस वावगे बोलले नव्हते. नियमांप्रमाणेच सर्व झाले होते.

आम्ही त्या वेळी याचा दोष खेळाला दिला. पुढे त्याचा इतिहास पाहिला तेव्हा आमचे मत थोडे बदलले. 'व्यापार' ज्या अमेरिकन 'मोनोपॉली'च्या वळणावर आहे, तिचे मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या पटात सापडते. या पटाचे पेटंट त्यांस १९०४ साली मिळाले. जमिनीचे मोल समाजामुळे वाढते, म्हणून तिचे उत्पन्न समाजाकडे यावे, असे प्रतिपादणाऱ्या हेन्री जॉर्जच्या त्या अनुयायी होत्या. जमीन थोड्यांच्या हाती गेली की उरलेल्यांचे दिवाळे कसे निघते, हेच त्यांस पटावर दाखवावयाचे होते. संपत्तीचा लाभ सर्वांना मिळावा अशा नियमांनीही खेळता येईल, अशी योजना त्यांनी केली होती. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने 'मोनोपॉली' बाजारात आणली ती चार्ल्स डॅरो यांच्या नावाने. मॅगीबाईंच्या हक्कांबद्दल त्यांस पाचशे डॉलर मिळाले. सर्वांच्या लाभाचे नियम मागे पडले, दिवाळ्याचे तेवढे राहिले.

तेव्हा मास्तरांची गॅलरीतील खुर्ची हा रचनेतील अपघात नव्हता. कर्तीचा मुद्दाच तो होता. निबंध म्हणून ही कृती प्रभावी आहे. परंतु उपहास म्हणून योजलेला प्रसंग आपण करमणूक म्हणून दर सुटीत करीत बसलो, तर एका मित्राला दारिद्र्याचा पाठ मिळतो आणि बाकीचे तिघे तो पाहतही नाहीत.

यंदा पावसाळ्यात वकीलसाहेबांच्या कन्येने जर्मनीहून 'कटान'चा पट आणला, आणि त्या निमित्ताने मास्तरांस आग्रहाने बोलावणे गेले. या खेळाचे कर्ते क्लाउस टॉयबर हे व्यवसायाने दातांच्या कवळ्या करणारे कारागीर होते. काम आटोपल्यावर घरी ते खेळ रचीत व घरच्या मंडळींना खेळावयास लावून ते तपाशीत. १९९५ साली 'कटान' प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जर्मनीत वर्षातील उत्तम खेळाचा मान त्यास मिळाला. २०२३ मध्ये टॉयबर निवर्तले. तोवर त्यांच्या पटाच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या होत्या.

पट एकोणीस षट्कोनी तुकड्यांचा. एक वाळवंट सोडले तर प्रत्येक तुकडा लाकूड, वीट, लोकर, धान्य वा खनिज यांपैकी एक वस्तू देतो. तुकड्यावर आकडा असतो. दोन फाशांचे दान त्या आकड्याचे पडले की त्याच्या कोपऱ्यावर ज्याची वसाहत असेल त्यास ती वस्तू मिळते, मग फासे कोणीही टाकलेले असोत. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही आपले लक्ष पटावरून हलत नाही. वस्तू जमवून रस्ते, वसाहती व शहरे उभारावयाची. प्रथम दहा गुण करील तो जिंकला. कोणालाही बाहेर काढण्याचा नियम नाही. पाचही वस्तू एकट्याला पुरेशा मिळणे कठीण, म्हणून शेजाऱ्याशी देवघेव करावीच लागते. आमच्या दृष्टीने या रचनेचे मर्म येथे आहे: मागे पडलेल्याच्या हातातही पुढे असलेल्याला हवे असे काहीतरी राहते.

मास्तरांनी हिशोब करून जागा धरली. दोन फाशांच्या छत्तीस प्रकारांत सात सहांदा येतात, सहा व आठ प्रत्येकी पाचदा, दोन व बारा एकेकदाच. म्हणून आठ आकड्याच्या विटांच्या डोंगरापाशी त्यांची वसाहत. परंतु गणितावर फासे रुसले, आठ काही पडेना. त्यातच दान सात पडले की दरोडेखोर हलवून कोणाचेही उत्पन्न अडविता येते. वकीलसाहेबांनी तो दोनदा त्याच डोंगरावर आणून बसविला, तेव्हा वहिनींना राहवले नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मास्तरांच्या विटा किती वेळा अडवाल? त्यांनी काय तुमच्याविरुद्ध दावा लावलाय?" मास्तर हसले, पण ते हसणे ओढून आणलेले होते, आणि क्षणभर आम्हांस गॅलरीतील खुर्ची आठवली. यथावकाश दरोडेखोर हलला, आठ पडू लागले, आणि सर्वांस मास्तरांच्या दारी येणे भाग पडले. एका विटेसाठी वकीलसाहेब दोन लोकरी देऊ लागले. मास्तरांनी नकार दिला आणि तीच वीट वहिनींना एका धान्यावर दिली. अखेर दहा गुण वकीलसाहेबांचेच झाले, मास्तर सहांवर राहिले. तथापि शेवटच्या दानापर्यंत त्यांचा 'हो' आणि 'नाही' मोलाचा होता. जेवताना ती वीट कोणाला द्यावयास हवी होती यावर वाद झाला, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज मास्तरांचा होता.

याचा अर्थ 'कटान' निर्दोष आहे असा नव्हे. पहिल्या वसाहती चुकीच्या जागी मांडल्या गेल्या तर नवख्याचे पुढे तासभर हाल होतात. एखादा दहाच्या जवळ आला की त्याच्याशी देवघेव बंद होते, आणि जो खेळ बोलका म्हणून गोड वाटतो तो अखेरीस मुका होतो. दरोडेखोर कोणावर बसवावयाचा हे मित्रानेच ठरवावयाचे असल्याने जुने रुसवे पटावर उतरण्याचा संभव राहतो. याहून मोठा आक्षेप कथाबीजावर आहे. बाहेरून लोक येतात, बेट वाटून घेतात, आणि तेथे पूर्वी कोणी राहत होते काय, हा प्रश्न पटावर निघतच नाही. ज्या देशाने परक्यांच्या वखारी वाढताना पाहिल्या, त्यातील वाचकास ही गैरहजेरी खटकल्यावाचून राहणार नाही.

तरीही निवड करावयाची झाल्यास आमचे मत स्पष्ट आहे. मुलांना भाडे व मक्तेदारी समजावून द्यावयाची असेल तर 'व्यापार' एकदा अवश्य मांडावा, आणि ज्याचे दिवाळे प्रथम निघेल त्यालाच शेवटी 'काय वाटले?' असे विचारावे. म्हणजे मॅगीबाईंचे श्रम कारणी लागतील. स्नेह्यांस जेवावयास बोलावले असेल तर मात्र 'कटान' काढावा. मास्तर येत्या शनिवारी पुन्हा येणार आहेत. या खेपेस आकडा सहाचा धरीन म्हणतात.